शेणव्याचा मत्स्यसरडा

ज्या संग्रहालयानं आमचं नाव पुसलं, त्याचं नाव मी या पुस्तकात घालणार नाही. फिट्टंफाट. मुंबईत आहे, मोठं आहे, तिकीट लागतं आणि तळमजल्यावर डाव्या हाताच्या दालनात छताला एक सांगाडा टांगलेला आहे, एवढं सांगितलं तरी पुरे. सांगाडा मत्स्यसरड्याचा आहे. इंग्रजीत त्याला इक्थिओसॉर म्हणतात. हे मला अठराव्या वर्षापासून पाठ आहे, कारण तो आमच्या पडवीत जन्मला. म्हणजे मूळचा कोट्यवधी वर्षांपूर्वी कुठल्यातरी परदेशी समुद्रात जन्मला असेल, मेला असेल, चिखलात गाडला जाऊन दगड झाला असेल. पण लोक मान वर करून जो बघतात तो प्लास्टर, काथ्या आणि सळईचा आहे, आणि तो शेणव्याहून भाताच्या पेंढ्यात बसून ट्रकनं गेला. त्या वर्षी मी भांडायला शिकले असं आमच्या घरात म्हणतात. ते खोटं आहे. भांडता मला आधीपासून येत होतं. कशासाठी भांडायचं ते त्या वर्षी कळलं.

आमचं घर शेणव्यात, आणि घरापेक्षा पडवी मोठी. पडवीत माझे वडील, म्हणजे आबा, गणपती करायचे. गणपतीच्या कामाच्या जागेला आमच्याकडे कारखाना म्हणतात. त्यामुळे शाळेत बाईंनी वडील काय करतात विचारलं की मी 'आमचा कारखाना आहे' असं सांगायची, आणि बाई माझी फीमाफी रद्द करायच्या. घरात सकाळ व्हायची ती पॉलिश पेपरच्या आवाजानं. कोंबडा नंतर. खस्स खस्स असा तो आवाज चुलीपर्यंत यायचा, आणि थांबला की आई चहा गाळायची, कारण थांबला म्हणजे आबांनी मान वर केली. भाकरीवर, पाण्याच्या हंड्यावर, माझ्या वेणीवर प्लास्टरची पांढरी पूड बसलेली असायची. वालाच्या बिरड्यात ती मुरून जायची, सुकटीच्या चटणीत मात्र दाताखाली कचकचायची. प्लास्टर आळताना तापतं, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. थंडीत नुकत्या ओतलेल्या साच्याला पाठ टेकवून आई तांदूळ निवडत बसायची. आता माझा स्वतःचा कारखाना मुरबाड रोडला आहे. तिथे वॉटर पार्कचे डॉल्फिन आणि रिसॉर्टच्या गेटवरचे हत्ती फायबरमध्ये होतात. पण कधी प्लास्टर ओतलं की मी जाऊन त्यावर हात ठेवते. कामगारांना वाटतं मालकीण माल तपासतेय.

भाव करणं माझ्याकडे होतं. आबा समोरच्याच्या तोंडाकडे बघून भाव सांगायचे, आणि तोंड उतरलं की भावही उतरवायचे. मंडळांची पोरं हे ओळखून होती. वर्गणी जमली नाही, अध्यक्षाची आई आजारी आहे, काहीही सांगायची. एकदा मी मध्ये पडले आणि अध्यक्षाच्या आईला भेटायला येते म्हणाले. तेव्हापासून पोरं आबा एकटे असतील अशी वेळ साधून यायला लागली. माझा आवाज चढतो, हे खरं आहे. एका पोराच्या दिशेनं मी घमेलं फेकलं होतं, हेही खरं आहे. त्यात प्लास्टर होतं असं जे सांगतात ते वाढवून सांगतात. घमेलं धुतलेलं होतं.

एका गोष्टीसाठी मात्र मी भाव सोडायची. मंडळाच्या मोठ्या मूर्तीच्या पायाशी पाटी लागते, 'मूर्तिकार : महादू गणू भोईर, शेणवा', अशी. गणपती बसला की दुसऱ्या दिवशी आबा इस्त्रीचा सदरा घालून शहापूरपर्यंतची सगळी मंडळं फिरायचे. मूर्तीकडे बघायचे नाहीत, ती त्यांनी बघितलेली असायची. पाटी वाचायचे, प्रसाद घ्यायचे आणि पुढच्या मंडळात जायचे. विसर्जनाला मात्र कधी गेले नाहीत. त्या दिवशी ते साचे धुवायला काढायचे.

घरातलं चौथं माणूस, वर्षातून दोन वेळा येणारं, म्हणजे जनाआत्या. आबांची मोठी बहीण, वैशाखऱ्याला दिलेली, लवकर विधवा झालेली, आणि कुणाचं काही चुकलं की ते चुकायच्या आधीच सांगणारी. ती एसटीनं यायची, पदराच्या गाठीत ब्रश बांधून. मूर्तीचे डोळे काढायला आखणी म्हणतात. ते काम आमच्याकडे फक्त तिचं. आखणी होईपर्यंत गणपती म्हणजे माल असतो. त्याला आडवा करा, पोटावर पाय देऊन उचला, कुणी काही म्हणत नाही. आत्यानं डोळा उघडला की मात्र मूर्तीला हत्यार लागत नाही. कानस नाही, करवत नाही, साधा पॉलिश पेपरसुद्धा नाही. आणि तुटलेली वस्तू आमच्या उंबऱ्याबाहेर पडत नाही. खंडित मूर्ती घरातून गेली म्हणजे कारखान्याचं नाव गेलं. हाताचं बोट उडालं, सोंडेला तडा गेला, तर गिऱ्हाइकाच्या नजरेस पडायच्या आत गुपचूप जोडायचं आणि त्याबद्दल एक शब्द बोलायचा नाही. गिऱ्हाइकानंच आदळलेली असली तरीही. या दोन रिती आम्ही जेवणाआधी हात धुतो तशा पाळायचो. पुढे जे झालं ते या दोन रितींमुळे झालं. अडाणीपणामुळे नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण संग्रहालयाच्या साहेबांनी दुसरं काही लिहून ठेवलेलं असणार.

साहेबांचं नाव सामंत म्हणू या. देवीचं काम आटोपून भात झोडून झालं होतं, पडवी रिकामी होती, तेव्हा ते जीपनं आले. मुरबाडच्या एका मंडळात त्यांनी आबांची अठरा हातांची देवी बघितली होती, आणि एवढे हात न गळता कसे राहतात हे विचारत विचारत शेणव्यापर्यंत पोचले होते. त्यांनी बाजेवर एक मोठा फोटो पसरला. संग्रहालयात परदेशातून आलेली एका सांगाड्याची जुनी प्रत होती, ती इतकी तडकली होती की टांगता येत नव्हती. तिचे रबरी साचे त्यांच्या माणसांनी काढून ठेवले होते. त्यांतून आम्ही हाडं ओतायची, सळईवर उभी करायची आणि मुंबईला नेऊन जोडायची.

आबांनी विचारलं, मासा का? साहेब म्हणाले, मासा नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांतला आहे, पूर्वज जमिनीवर होते, मग समुद्रात राहायला गेले. अंग माशासारखं झालं, पण श्वास घ्यायला पाण्याबाहेर तोंड काढावं लागायचं, आणि अंडी न घालता हा पिल्लांना जन्म द्यायचा. एवढ्यातलं आईला शेवटचं तेवढं पटलं. पाण्यात अंडी उबवणार कुठे, असं ती म्हणाली. याला डायनासोर म्हणायचं नाही, असंही साहेबांनी बजावलं. गावानं पुढे तो जाईपर्यंत त्याला डायनासोरच म्हटलं.

मग आबांनी विचारलं, "पूजेचा हाय?"

"नाही हो. बघायचा."

"मंग विसर्जन?"

"विसर्जन कसलं? कायमचा राहणार. आपण गेल्यावरही राहील."

आबांनी फोटो जवळ ओढला. मी त्यांच्याकडे बघितलं आणि मला माझा मुद्दा सापडला. या माणसानं आयुष्यभर केलेलं सगळं पाण्यात गेलं होतं, पाट्यांसकट. आणि हा पाण्यातला प्राणी तेवढा कोरडा राहणार होता. मी साहेबांना भाव सांगितला, त्यांनी पाडला, मी थोडा पडू दिला, आणि मग म्हणाले की ट्रकचा खर्चही सोडते, पण खाली मूर्तिकाराची पाटी लागली पाहिजे, नावगावासकट. साहेब हसले. "लावू की," म्हणाले. लिहून घ्यायला हवं होतं, हे आज कुणीही सांगेल. मला तेव्हा वाटलं, शिकलेला माणूस आहे.

दोन महिने पडवीत हाडंच हाडं होती. मणके ओतले ते कॅरमच्या सोंगट्यांसारखे, दोन्ही बाजूंनी खोलगट, आणि ते सळईत ओवताना आई जपमाळ ओढल्यासारखी मान हलवायची. वल्ह्यासारख्या पायांत तर मक्याच्या कणसात दाणे बसावेत तशी हाडं बसलेली. जबडा माझ्या हाताहून लांब, आणि दात असे की आबा म्हणाले, याला जेवू घालणारी बाई कंटाळली असणार. शेजारपाजारचे रोज येऊन उकिडवे बसायचे. हा सुक्या बोंबलाचा आजा, असं एकानं ठरवलं. एकानं एवढ्या काट्यांचा मासा परवडत नाही म्हणून सांगितलं. आबा कुणाला उत्तर देत नव्हते. ते खूश होते. खूश असले की ते जास्त बारीक पॉलिश पेपर वापरायचे.

शेपटी शेवटी आली. तिचा साचा एकाच लांब तुकड्यात होता. प्लास्टर आळल्यावर रबर सोलून काढलं तर शेपटी अर्ध्यावर खाली मोडलेली. चांगली काटकोनाकडे झुकलेली, आणि मोडीच्या जागचे मणके एका बाजूनं दबून पाचरीसारखे झालेले. पुन्हा ओतली. पुन्हा तशीच. फोटो बघावा तर तो मोठा करताना शेपटीकडचं टोक कागदाबाहेर गेलेलं. आबांनी मोडीवरून बोट फिरवलं. मग त्यांनी आत्याला बोलावून दाखवलं. दोघं हळू आवाजात बोलले, कुणाच्या घरचं लग्न मोडल्यावर बोलतात तसं. त्यांच्या मते उघड होतं. परदेशातून बोटीनं येताना आदळली असणार, आणि मुंबईच्या माणसांनी न बघता तशीच साच्यात घातली. साहेबांना सांगायचं तर त्यांचा अपमान. तशीच द्यायची तर आपलं नाव बुडालं. आबांनी शेपटी मोडीच्या जागी कापली, आतली सळई सरळ केली, दबलेल्या मणक्यांना भर घालून गोल केलं, आणि नाकाच्या शेंड्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत अशी रेघ आणली की दोरी धरून बघावं. कुणाला काही बोलायचं नाही, असं आम्हाला सांगितलं. आम्हाला सांगायची गरज नव्हती.

मग आत्यानं डोळे बघितले. डोळ्याची खोबण भाकरीएवढी, आणि तिच्यात हाडाच्या पातळ पट्ट्यांचं एक कडं. साहेबांनी सांगितलं होतं की खोल पाण्याच्या दाबात डोळा टिकावा म्हणून ते असावं. आत्याला त्याचं वेगळंच वाटलं. हा डोळ्यांसकट आलाय, उघडायचा तेवढा राहिलाय, असं ती म्हणाली आणि ब्रश काढला. साहेबांनी काही सांगितलेलं नाही, असं मी म्हटलं.

"गो सुमे, आंधला जीव कुनाच्या दारात धाडू मी? काय म्हनतील, भोइराकडं आखनीला मानूस नाय?"

तिनं त्या कड्याच्या आतल्या कडेनं एक काळी रेषा फिरवली. केसाएवढी. एका बाजूला संपवली, दुसऱ्या बाजूला गेली. त्यानंतर पडवीत आम्ही त्याच्यावरून पाय टाकून जायचं बंद केलं. आजूबाजूनं जायचो.

मुंबईला आबा, मी आणि आत्या गेलो. आत्या समुद्र दिसेल म्हणून आली होती. तिला पेट्या, शिडी आणि जिना दिसला. दालनात छातीएवढ्या उंचीवर सांगाडा साखळ्यांना जोडून झाला, आता फक्त वर ओढायचा बाकी, तेव्हा सामंत साहेब आले. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणी मोठे पाहुणे उद्घाटनाला येणार होते. साहेब तोंडाकडून चालत निघाले, बरगड्यांपाशी वा म्हणाले, पुढे आणखी एकदा वा म्हणाले, आणि शेपटीपाशी येऊन उभे राहिले.

"ही सरळ का आहे?"

आबा त्यांच्या जवळ गेले, जवळच संग्रहालयाचा सुतार होता म्हणून हळूच बोलले. "साहेब, तुमच्या साच्यात मोडलेली होती. आमी कुनाला बोललो नाय. नीट करून दिली."

साहेब एका पेटीवर बसले. चिडले नाहीत, हे मला सांगितलंच पाहिजे. त्यांनी सांगितलं की शेपटी मुळातच तशी असते. हाड खाली वळतं आणि वरचा पंखा नुसत्या मांसाचा असतो, तो दगडात उरत नाही. पहिल्यांदा असे सांगाडे सापडले तेव्हा विलायतेतल्या मोठमोठ्या विद्वानांनाही वाटलं की मोड आहे, आणि त्यांनीही चित्रांतून, प्रदर्शनांतून शेपट्या सरळ दाखवल्या. मग कातडीची कड उमटलेले दगड सापडले तेव्हा कळलं. "तुमची चूक फार मोठ्या लोकांची आहे," ते आबांना म्हणाले. "फक्त तुम्ही ती शंभर वर्षं उशिरा केलीत." आणि आता संध्याकाळच्या आत ती वाकवा, म्हणाले.

आबा म्हणाले, जमणार नाही. डोळे उघडलेत. आता हत्यार लागत नाही.

"अहो, प्लास्टर आहे ते."

"गनपती पन प्लास्टरच असतो, साहेब."

साहेबांनी सुताराकडे बघितलं आणि मग, मनातलं सहज तोंडावर यावं तसं, म्हणाले की आमच्याच माणसाकडून करून घेतो, पण मग पाटीवर तुमचं नाव कसं घालणार, काम तर अर्धं आमचं झालं. पाटी भिंतीला उलटी टेकवलेली होती. मी जाऊन सुलटी केली. रंगवून, वाळून तयार होती. प्राण्याचं नाव होतं, कोट्यवधी वर्षांचा हिशेब होता, देणगीदार होता, उद्घाटकाचं नाव तर प्राण्याच्या नावाएवढ्याच अक्षरात होतं. आमच्यासाठी जागासुद्धा ठेवलेली नव्हती. म्हणजे शेपटी सरळ असो की वाकडी, ते नाव लागणारच नव्हतं.

त्या दालनात मी जे बोलले ते सगळं इथे लिहीत नाही, नातवंडं वाचतील. सुतार बाहेर जाऊन उभा राहिला एवढं आठवतं. शेवटी मी त्याच्या पेटीतली करवत उचलली आणि सांगाड्याखाली बसले. म्हणाले, "शेपटीत सळई कुठून कशी फिरवलीय ते मला ठाऊक आहे, तुमच्या माणसाला नाही. त्यानं चुकीच्या जागी कापलं तर मागचे दोन्ही पाय खाली येतील. मी कापते. आधी पाटी."

साहेबांनी घड्याळ बघितलं. मग पेंटरला बोलावणं धाडलं. पेंटर जेवणाच्या सुट्टीत होता, तो आला, आणि उद्घाटकाच्या खाली उरलेल्या पट्टीत त्यानं 'मूर्तिकार : महादू गणू भोईर, शेणवा' असं बारीक लिहिलं. मूर्तिकार कसं लिहिणार, मूर्ती कुठे आहे, अशी साहेबांनी शंका काढली. मी करवत दुसऱ्या हातात घेतली. मग ती शंका राहिली नाही. सुकलं का बघायला मी बोट लावलं, त्यात 'शेणवा'तला वा थोडा फराटला.

आता आबा उरले. ते सांगाडा आणि मी यांच्या मध्ये उभे होते. नाव मिळालं म्हणून रीत मोडायची का, हे ते तोंडानं म्हणत नव्हते, पण हलतही नव्हते. तेव्हा आत्या उठली. तिच्या लहानपणी एकदा उंदरानं आखणी झालेल्या गणपतीचा कान कुरतडला होता, आणि तिच्या आज्यानं काय केलं ते तिनं बघितलं होतं. तिनं पिशवीतून शाडूचा गोळा काढला, भिजवला, आणि मत्स्यसरड्याचे दोन्ही डोळे लिंपून टाकले. बाळाच्या टाळूवर तेल थापतात तशा हातानं.

"नीज रे जरा," ती त्याला म्हणाली. "पोर शेपटीला हात लावतेय."

आबा बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसले. मी कापलं. भर फोडली, दबलेले मणके पुन्हा पाचरीसारखे केले, नळाचा पाइप सळईवर घालून शेपटी खाली वाकवली. साहेब फोटो हातात धरून 'अजून, अजून थोडी' म्हणत होते. या वेळी त्यांनी पूर्ण फोटो आणला होता. जोडावरचं प्लास्टर आळेपर्यंत आम्ही तिथेच फडकं सोडून तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी खाल्ली. रखवालदारानं दालनात मासळीच्या वासाची तक्रार केली. साहेबांनी त्याला वरच्या मजल्यावर पाठवलं आणि भाकरीचा तुकडा मोडून घेतला. मग आत्यानं ओल्या फडक्यानं डोळे पुसून काढले आणि रेषा परत फिरवली. सांगाडा वर चढला. आबा आत आले. त्यांनी शेपटीकडे बघितलं नाही. पाटी वाचली, फराटलेला वा वाचला, आणि चला म्हणाले.

आबा पुन्हा कधी मुंबईला गेले नाहीत. गरज नव्हती. आपली एक मूर्ती मुंबईत आहे आणि ती पाण्यात जाणार नाही, हे ते दर गणपतीत मंडळं फिरताना सांगायचे. काही वर्षांनी मी फायबरचं सामान घ्यायला मुंबईत गेले होते, तेव्हा तिकीट काढून आत गेले. लाकडी पाटीच्या जागी छापील पाटी होती, गुळगुळीत, चित्रासकट. देणगीदार होता. उद्घाटकही होता. आमची ओळ नव्हती. सामंत साहेब निवृत्त झाले होते. तिकिटाच्या खिडकीतला माणूस म्हणाला, प्रतिकृती करणाऱ्यांची नावं देण्याची पद्धत नाही. मी त्याला पद्धत काय असते ते सांगितलं, आणि दोन रखवालदारांनी मला फाटकापर्यंत पोचवलं. घरी येऊन आबांना सांगितलं की छान आहे, पाटी नवीन केलीय. ते म्हणाले, "वा नीट लिवला का आता?" मी हो म्हणाले. ते तेवढ्यावर गेले. आत्याही गेली. तिच्या नावाची पाटी कधी कुठे लागलीच नव्हती. आखणी करणाऱ्याची लागत नाही.

गेल्या वर्षी फोन आला. ऋता नावाची मुलगी, त्या दालनाची नवी अधिकारी. दालन नव्यानं मांडतायत आणि शेपटीच्या जोडाला तडा गेलाय. कार्यालयातल्या एका जुन्या माणसाला फाटकापर्यंत पोचवलेली शेणव्याची बाई आठवत होती, त्यावरून तिनं मला शोधून काढलं. ती कारखान्यात आली, लॅपटॉप उघडून बसली. मी म्हणाले, दुरुस्ती फुकट करते, आबांचं नाव लाव. ती मुलगी वाईट नाही. तिनं समितीला विचारलं होतं. 'शहापूर परिसरातील स्थानिक कारागिरांनी घडवलेली' एवढं लिहिता येईल, म्हणाली. मी विचारलं, स्थानिक म्हणजे कुठले? आम्हाला आमच्या गावात कुणी स्थानिक म्हणत नाही. माझा आवाज चढला होता, हत्तीला रंग देणारा पोरगा थांबून बघत होता.

मग तिनं स्क्रीन माझ्याकडे वळवली. डोळ्याचा फोटो होता. "काकू, ही काळी रेषा कुणी काढली? मूळ जीवाश्मात ती नाही." आणि तिनं मला नवा नियम समजावून सांगितला. जे मूळ प्राण्यात आहे त्याची प्रत कुणी केली ते लिहायला लागत नाही. पण जे मूळ प्राण्यात नाही, माणसानं आपल्या मनानं घातलंय, ते बघणाऱ्याला सांगावं लागतं. काय घातलं, कुणी घातलं, कुठल्या माणसानं. नाहीतर पुसून टाकावं लागतं.

मी विचारलं, "म्हणजे बरोबर केलं तर नाव नाही, आणि चुकलं तर नाव?"

"हो काकू," ती म्हणाली. "तसंच आहे ते."

मी उठून पाणी पिऊन आले. त्या आख्ख्या सांगाड्यात आबांची स्वतःची म्हणावी अशी एकच गोष्ट होती, ती सरळ शेपटी. ती तशीच राहिली असती तर आज तिच्याखाली त्यांचं नाव कायद्यानं आलं असतं, गावासकट, आणि कुठल्याही समितीला काढता आलं नसतं. ती मी कापली. पाटीवर नाव यावं म्हणून कापली. हे मी ऋताला सांगितलं नाही. दुरुस्तीचा पूर्ण भाव सांगितला, ट्रकच्या खर्चासकट, आणि एक पैसा सोडला नाही. रेषा पुसायची की ठेवायची, तिनं विचारलं. मी ठेव म्हणाले आणि नाव सांगितलं.

दालन उघडल्यावर मी आत्याच्या मुलाला घेऊन गेले. तोही आता साठीचा आहे, वैशाखऱ्याला शेती बघतो, संग्रहालयात पहिल्यांदाच आला होता. नवी पाटी उजेडाची आहे, आतून दिवा लागतो. तो चष्मा लावून तिच्यासमोर उभा राहिला आणि एकेक शब्द बोट ठेवून वाचत गेला. 'डोळ्यातील काळी रेषा मूळ जीवाश्मात नाही. ती वैशाखरे, तालुका मुरबाड येथील जनाबाई देसले यांनी काढली आहे.' पुन्हा एकदा वाचलं. मागे शाळेच्या पोरांची रांग खोळंबली होती.

"म्हंजे आईनं चूक केली, असं लिवलंय का गो हे?" त्यानं विचारलं.

"हो," मी म्हणाले. "पूर्ण नावानिशी."